टिकलीखालचं कपाळ

फाउंडेशन शिकायचं तर तोंड लागतं. भुवयांचा दोरा मी माझ्याच पोटरीवर फिरवून शिकले. वॅक्सिंग स्वतःच्या हातावर. पण बेस, म्हणजे मेकअपच्या आधी चेहऱ्यावर जो थर बसवतात तो, नुसत्या आपल्या तोंडावर शिकून भागत नाही. आरशात आपण आपल्याला समोरूनच बघतो. जबड्याखाली रेघ राहिली का, कानाजवळ रंग तुटला का, हे दुसऱ्यालाच दिसतं. दुसऱ्याचं तोंड पाहिजे. आणि कोलकात्यात मला दुसऱ्याचं तोंड कुठून मिळणार?

एवढ्या माणसांच्या शहरात तोंडाची टंचाई, म्हटलं तर कुणी हसेल. माझी मात्र खरंच अडचण होती.

आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत. देशातल्या कुठल्याही सराफकट्ट्याच्या मागच्या गल्लीत जा, भट्टीपाशी आमच्याकडचा माणूस सापडेल. माझे मिस्टर बऊबाजारला अशाच एका दुकानात आहेत. मोडीचे दागिने, सोनारांच्या दुकानातली झाडून आणलेली धूळ, हे सगळं भट्टीत आणि तेजाबात घालून त्यातलं चोख सोनं बाजूला काढायचं, हे त्यांचं काम. गडीमाणसं खोल्यांमधून दाटीवाटीनं राहतात आणि बायका गावी. आम्हाला मूलबाळ नव्हतं, म्हणून सासूबाईंनी मला बरोबर धाडलं. दुकानाच्याच वर एक खोली मिळाली. त्या अख्ख्या गल्लीत मराठी बोलणारी बाई मी एकटी.

सकाळी हे खाली गेले की दिवस माझ्या अंगावर यायचा. मी नववीतून शाळा सोडलेली. वाचायला येतं, पण वाचायचं काय? दुकानांच्या पाट्या बंगालीत. खिडकीतून समोरच्या घराची दुसरी खिडकी दिसायची, तिच्यात एक म्हातारे गृहस्थ रेडिओ ऐकत बसायचे. मी भांडी जरा मोठ्यानं घासायची, म्हणजे आवाज होतो.

सॉल्ट लेकमधल्या एका मराठी वहिनींचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांचे मिस्टर बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बदलीवर आलेले. तिकडच्या मराठी लोकांच्या गणपतीत आम्ही आरतीला गेलो होतो. तिथं मी एका मुलीच्या भुवया करून दिल्या, सहज, बसल्या बसल्या. वहिनी म्हणाल्या, "हात छान आहे गं तुझा. घरी काय करतेस बसून?" आणि त्यांनी बागबाजारला पार्लर चालवणाऱ्या त्यांच्या ओळखीच्या बाईंना फोन लावला. त्या माझ्या दीदी.

दीदींचं पार्लर म्हणजे जुन्या घराची रस्त्याकडची खोली. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, तीन पायऱ्या उतरल्या की गल्ली. दीदी पन्नाशीच्या, उंच, केस बॉयकट. त्या माझ्याशी हिंदीत बोलायच्या, ते बंगाली वळणाचं हिंदी, ज्यात बाईसुद्धा 'करेगा' आणि 'जाएगा'च असते. पहिल्याच दिवशी मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा! बर्गी!" मग मला समजावलं की फार पूर्वी मराठ्यांचे घोडेस्वार बंगालात लुटालूट करायला यायचे, त्यांना बर्गी म्हणायचे, आणि त्यांच्या भीतीनं इथूनच, बागबाजारपासूनच, खंदक खणायला घेतला होता. "हमारा लोग इतना मेहनत करके खंदक खोदा," दीदी म्हणाल्या, "और तुम मेट्रो पकड़के आ गया!"

तेव्हापासून मी बर्गी. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. मला राग नाही यायचा. गावाहून एवढ्या लांब कुणीतरी मला खास नावानं हाक मारत होतं.

दुसऱ्या खुर्चीवर एक मुलगी होती. तिचं लग्न ठरून ती सिलिगुडीला गेली. नवरीच्या घरी जाऊन बेस करायचं काम तीच करायची, त्यावरचं डोळ्यांचं आणि चंदनाच्या नक्षीचं काम दीदी. दुर्गापूजा झाली की थोड्या दिवसांत अघ्राण महिना लागतो, म्हणजे तिकडची लग्नसराई. दीदींनी मला समोर बसवून सांगितलं. अघ्राणपर्यंत तुझा हात बसला तर नवरीमुलींकडं तू माझ्याबरोबर येशील. नाही बसला तर मला दुसरी तयार मुलगी आणावी लागेल, आणि जागा दोनच माणसांची आहे.

म्हणजे भुवयांची खुर्चीही जाणार. परत खोली, खिडकी, रेडिओ. मी "हो दीदी" म्हटलं. घरी जाताना मेट्रोत समोर बसलेल्या बायकांची तोंडंच बघत बसले.

तर अशी मला तोंडं हवी होती.

आधी मी माझंच घेतलं. सकाळी तोंड धुवायचं, क्रीम लावायचं, ते मुरेपर्यंत थांबायचं. दीदी म्हणायच्या, इथंच सगळ्या मुली घाई करतात. क्रीम ओलं असताना वर बेस लावला की तो सरकतो आणि दुपारपर्यंत नाकाजवळ त्याच्या गुठळ्या होतात. कोलकात्याची हवा तर अशी, की पंख्याखालीही वरच्या ओठावर घाम. मग मनगटाच्या मागच्या बाजूला थोडं फाउंडेशन घ्यायचं, बोटानं जरा कोमट करायचं. गालावर, नाकावर, हनुवटीवर, कपाळावर ठिपके. ओला करून पिळलेला स्पंज. चोळायचं नाही, दाबत जायचं.

मला चोळायचीच सवय. दीदी माझ्या हातावर चापट मारायच्या. "दीवार पोत रहा है क्या?" शेवटी भाकरी थापताना कशी कड पातळ करत नेतो तसं मी मनाशी धरलं. मधे जरा जाड, कडेला जाईल तसं नसल्यासारखं. कानाच्या पाळीपर्यंत, केसांच्या मुळापर्यंत, गळ्यावर उतरवत. त्या दिवसापासून स्पंज माझं ऐकायला लागला. पण तो माझ्या तोंडावर.

सॉल्ट लेकच्या वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला नाही गं चालत, लगेच पुरळ येतं." खरंच येत असेल. त्यांनी वर मला चकल्यांचा डबा दिला. कॉलेजच्या दोन मुली पार्लरमध्ये यायच्या, त्यांना फुकट करून देते म्हटलं तर त्या आनंदानं बसल्या, पण कोवळी तोंडं ती, त्यांच्यावर काहीही लावा, बरंच दिसतं.

मग एका रविवारी मी ह्यांना म्हटलं, "अहो, जरा बसता का?"

"कशाला?"

"तुमच्या तोंडावर करून बघते."

"मला काय नवरी करतीयास काय?" हे हसले. पण बसले. खिडकीत पाट मांडला, उशी पाठीला लावली. रविवारी भट्टी बंद असते. उजेड चांगला होता.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मी त्यांचं तोंड दिवसाउजेडी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. भट्टीकडं असणारा उजवा गाल डाव्यापेक्षा काळा, तांब्याच्या भांड्याचा तळ असतो तसा. दोन गालांना दोन शेड. मी मिसळून मिसळून करत होते. स्पंजाच्या गार दाबानं हे बसल्या जागी झोपी गेले. तोंड जरा उघडं पडलं. मी कानामागं रंग उतरवायला मान वळवली, तर तिथं पांढरे डाग दिसले, तेजाबाचे शिंतोडे उडाल्यासारखे. एक तर डोळ्यापासून किती लांब? चार बोटं.

मी त्यांना हलवलं. "हे कधी झालं?"

"काय?"

"हे. कानामागं."

"झालं असंल कधीतरी," म्हणाले आणि परत डोळे मिटले.

मी पुढचं काम पूर्ण केलं. डाग झाकले. इतके चांगले झाकले गेले की मलाच ते शोधायला लागले. उठल्यावर हे तसेच खाली चहाला गेले आणि कुणालाही काही कळलं नाही. कळलं ते गमछ्याला तोंड पुसल्यावर. जिन्यावरून मला आवाज ऐकू येत होता. "आयला, ह्याचा रंग सुटला की!" "वैनी, आमालाबी लावा की, गावाकडं फोटो धाडायचाय!" हे लाजून वर आले. मी हसले खरी. पण रात्रभर... नाही, रात्रीचं राहू दे. एवढंच सांगते, की त्या दिवसापासून खाली काही पडल्याचा आवाज झाला की मी कपाळाला हात लावून बघायची, टिकली जागेवर आहे ना.

आमच्याकडं सवाष्णीनं कपाळ मोकळं ठेवत नाहीत. आई तोंड धुताना टिकली काढून दाराच्या चौकटीला चिकटवायची आणि तोंड पुसायच्या आधी परत लावायची. मी तर तोंड धुतानाही काढत नव्हते. सराव करतानासुद्धा माझ्या टिकलीच्या कडेनं बेस लावत होते. ते चूक आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही, कारण मी ती टिकली तिथून कधी हलवलीच नव्हती. कॉलेजच्या मुलींची कपाळं मोकळी. ह्यांचंही मोकळं.

पूजेनंतर एक दिवस दीदींच्या जुन्या गिऱ्हाईक आल्या. त्याच गल्लीतल्या बौदी, म्हणजे बंगालीत वहिनी. भाच्याच्या मुलाला पहिला भात भरवायचा कार्यक्रम होता, दुपारचाच, म्हणून त्यांना हलकं हवं होतं. "ऐसा करो कि लगे कुछ किया नहीं," त्या म्हणाल्या. भांगात सिंदूर, हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, कपाळावर चांगली मोठी लाल टिकली.

दीदी दुसऱ्या खुर्चीवर एका बाईंच्या केसांना रंग लावत होत्या. त्या मला म्हणाल्या, "आज पूरा तुम करेगा. मैं हाथ नहीं लगाएगा." म्हणजे परीक्षा. तसं शब्दांत कुणी म्हटलं नाही, पण मला कळलं.

मी सगळं नीट केलं. शेड बघायला बौदींना दारात, पायरीपर्यंत नेलं, कारण ट्यूबच्या उजेडात सगळी तोंडं एकाच पिठाची वाटतात. जबड्यावर तीन रेघा ओढल्या, त्यातली जी दिसेनाशी झाली ती घेतली. लावल्यावर दहा मिनिटांत तो रंग थोडा गडद होतो, तेही धरलं. डोळ्यांखालचं काळं झाकायला थोडं नारिंगी, मग बेस. गाल झाले, नाक झालं, हनुवटी झाली, गळ्यावर उतरवलं. कपाळाशी आले.

दीदींच्या पार्लरमध्ये पद्धत अशी, की आधी टिप काढायची, म्हणजे टिकली, मग कपाळ करायचं. मला माहीत होतं. माझी नखं टिकलीच्या कडेपर्यंत गेली. समोर त्या बाईचं कुंकू, आणि मला दिसले ते ह्यांच्या कानामागचे पांढरे डाग. दुसऱ्या सवाष्णीचं कपाळ मी माझ्या हातानं पुसायचं? बौदी डोळे मिटून बसल्या होत्या. मी स्पंजाचं टोक केलं आणि टिकलीच्या भोवतीनं, अगदी तिच्या कडेला चिकटून, हळूहळू दाबत गोल फिरले. वर थोडी पावडर. कुठं काही दिसेना.

बौदींनी डोळे उघडले. आरशात बघितलं, खूश झाल्या. "वाह, बर्गी तो अच्छा करती है!" दीदींनी लांबूनच मान हलवली. माझ्या जिवात जीव आला. आणि मग बौदींनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. दुपारच्या साडीवर त्यांना छोटी काळी लावायची होती. त्यांनी कपाळावरची मोठी लाल टिकली नखानं सोलून काढली.

मधे गोल. त्यांचं खरं कपाळ, थोडं पिवळट, तेलकट, वर जुन्या गोंदाचा चिकटपणा, आणि भोवती कडेला बेसचा एक बारीक बांध. कुणी कपाळावर वाटी उपडी ठेवून रंग दिल्यासारखं.

"ए मा!" बौदी ओरडल्या. "ये क्या हुआ?"

केस रंगवायला बसलेल्या बाई मान वळवून बघायला लागल्या. दीदी हातमोजे घालूनच आल्या, बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. "चाँद निकाल दिया! कपाल में चाँद निकाल दिया!" मग बौदीही हसायला लागल्या. मला वाटलं जमीन फाटावी. दीदींनी हातमोजे उतरवले, ओल्या स्पंजानं अख्ख्या कपाळावरचं उचललं आणि परत केलं. त्यांना फार वेळ नाही लागला. बौदी गेल्या त्या सगळ्या गल्लीला सांगायला एक गोष्ट घेऊनच.

दुपारी पार्लर रिकामं झालं. मी झाडू घेतला. तर दीदी म्हणाल्या, "झाड़ू रखो. टिप क्यों नहीं निकाला?"

मी झाडू कोपऱ्यात उभा केला.

"भूल गया?"

"नाही दीदी." मी मराठीतच बोलले, मग हिंदीत जुळवून सांगितलं. माझा माणूस तेजाबाचं काम करतो. आमच्यात कपाळ पुसणं वाईट. माझा हात गेला नाही.

"तुम्हारा आदमी क्या बौदी के टिप से चिपका हुआ है?"

मला हसू पण आलं आणि रडू पण. "तसं नसतं, मला माहीत आहे. पण हात जात नाही."

दीदींनी केसांच्या रंगाची वाटी पुसायला घेतली. बाहेर पाव विकणारा ओरडत गेला. त्यांचा भांग मोकळा असतो, हे मी पहिल्या दिवसापासून बघत होते. शहरातल्या शिकलेल्या बायका, लावत नसतील, एवढाच विचार मी केला होता. त्या म्हणाल्या, "मैं रोज़ लगाता था. इतना चौड़ा. एक दिन भी पोंछा नहीं, बुखार में भी नहीं. फिर भी चला गया वो."

माझ्या सगळ्या भीतीला त्यांनी त्यांच्या घरात नेऊन बसवलं होतं. त्या उठल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसल्या. चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"करो. मेरे कपाल पर कुछ नहीं है. डरने का कुछ नहीं है."

मी त्यांचं तोंड केलं. पन्नाशीचं कातडं. त्याला कमी लागतं. जास्त झालं की सुरकुत्यांमध्ये जाऊन बसतं आणि माणूस आहे त्यापेक्षा म्हातारं दिसतं. डोळे मिटलेलेच ठेवून त्या सांगत होत्या, "कान के पास. हाँ. अभी गले में उतारो. दबाओ, दबाओ, सहलाओ मत." कपाळावर मी स्पंज फिरवला, मधेही, सगळीकडं. कुठं थांबायला लागलं नाही. हळूहळू त्यांचं सांगणं बंद झालं. मी "झालं दीदी" म्हटलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं झोपल्या, पण झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा हलत नाहीत. मी चष्मा हातात धरून तशीच उभी राहिले. परत सांगावं की नाही, कळेना.

त्यानंतर अघ्राण लागेपर्यंत दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या खुर्चीत बसायच्या. त्या कधी म्हणाल्या नाहीत की तू शिकलीस. आईशी फोनवर बोलताना मी एवढंच म्हणायची, की चाललंय बरं. टिकलीचं आईला सांगितलं नाही. तिनं मला बरोबर ठरवलं असतं, आणि मला ते नको होतं.

पहिलं लग्न हावड्याला होतं. संध्याकाळचा, दिवेलागणीचा मुहूर्त, म्हणून दुपारीच आम्ही बागबाजारच्या घाटावरून लाँचनं निघालो. दीदींच्या मांडीवर मोठी पेटी, माझ्या मांडीवर छोटी. मधेच त्या म्हणाल्या, "दुल्हन मैं करेगा. तुम माँ को करो." आणि पाण्याकडं बघायला लागल्या. मला कळलं, की नवरीचं कपाळ तर मोकळंच असतं, सिंदूर लग्नात भरतात. तिथं मी अडखळणारच नव्हते. त्यांनी मला मुद्दाम दुसरीकडं बसवलं होतं. आज जमलं नाही, तर परतीच्या लाँचमध्ये काय ऐकायला मिळणार, ते मला दिसत होतं.

नवरीची आई आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. बुटकी, गोल तोंडाची बाई. रात्रंदिवस जागून डोळ्यांखाली काळं झालेलं. भांगात सिंदूर, कपाळावर लाल टिप. क्रीम लावून मी थांबले, ते मुरू दिलं. मग मी म्हटलं, "काकीमा, टिप आप ही निकालिए ना." ही युक्ती मी लाँचमध्येच ठरवली होती.

त्यांनी हात वर केला. तो इतका कापत होता की बोट भलतीकडंच लागलं. "तुम निकाल दो, मा," त्या म्हणाल्या. "मेरे से नहीं होगा आज."

तिकडं 'मा' म्हणजे लाडानं, लेकीला म्हणतात तसं.

माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर फाउंडेशन काढून ठेवलेलं होतं. मी उजव्या हाताच्या नखानं टिकलीची कड उचलली, ती सुटली, आणि सुटल्या सुटल्या मी ती माझ्या त्याच डाव्या हातावर, फाउंडेशनच्या शेजारी, चिकटवली. खाली ठेवली नाही. आरशाला लावली नाही. बाईच्या अंगावरून बाईच्या अंगावर आली, एवढंच. हे मी ठरवून केलं नव्हतं. हातानंच केलं. मग मी कपाळावर ठिपके दिले आणि मधोमध दाबत गेले. माझा हात हलला की समोर ती लाल टिकली हलायची. ती आहे, दिसतेय, म्हणून मला भीती वाटली नाही. कपाळ पूर्ण झालं, पावडर झाली, तेव्हा तिथल्या तिथं ती परत लावली. आता मी सगळ्या बायकांचं असंच करते. माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर कुणाकुणाच्या टिकल्या बसून जातात.

दीदी नवरीकडून आल्या. काकीमांची हनुवटी धरून खिडकीकडं वळवली, टिकली नखानं किंचित उचलून खाली बघितलं, परत दाबली. आणि परत नवरीकडं गेल्या.

थोड्या वेळानं बाहेर गडबड वाढली, नवरदेव आले, शंख वाजले. मी पेटी आवरत होते. सगळ्या बायका बाहेर पळाल्या. काकीमा पलंगावरच.

"आप नहीं जाएँगी?"

त्यांनी मान हलवली. तिकडं आई लेकीचं लग्न बघत नाही. बघितलं तर लेकीला लाभत नाही म्हणतात. मला माहीत नव्हतं. मग एवढा बेस कशाला केला, असं माझ्या तोंडावर आलं असणार, कारण त्या म्हणाल्या, "बाद में फोटो होगा ना."

बाहेर बायका जिभेनं उलूचा आवाज काढत होत्या. काकीमा कान देऊन बसल्या होत्या, आता काय चाललंय ते आवाजावरून ओळखत. मला माझं लग्न आठवलं. आमच्याकडंही मंगलाष्टका चालू असतात तेव्हा नवरीची आई तुळशीला पाणी घालत बसते. माझी आई मांडवामागं, तेलाच्या डब्यात लावलेल्या तुळशीपाशी बसली होती. अक्षता पडत होत्या तेव्हा मी तिला शोधलंसुद्धा नव्हतं. तिथं तिच्याजवळ कुणी होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

काकीमांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी कोरडा स्पंज घेऊन ते टिपलं, दाबून, न चोळता. बेस हलला नाही.

दीदींनी दारातून डोकं आत घातलं. "ए बर्गी. परसों सॉल्ट लेक में है एक. दुल्हन का बेस तुम करेगा. सुबह जल्दी आना." आणि गेल्या, नवरीची साडी सावरायला.

मला कुणाला तरी सांगायचं होतं. भट्टीवर असताना ह्यांचा फोन बंद असतो. आई त्या वेळी शेजारी भजनाला गेलेली असते. मी काकीमांकडं वळले आणि मोडक्यातोडक्या बंगालीत म्हटलं, मला काम मिळालं. कसलं काम, किती दिवसांची काळजी, त्यांना काय ठाऊक. त्या म्हणाल्या, "बेश, बेश." म्हणजे छान. आणि पलंगावर थोड्या सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली.

मी पेटी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ बसले. बाहेर परत शंख वाजला.